पणजोबांचं व्हायोलिन दुरुस्तीला द्यायचंय, त्याआधी विचारतेय

साखर_पेठ (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आमचं साखर पेठेतलं जुनं घर पाडायला घेतलंय. गेल्या रविवारी माळा रिकामा करताना कणगीच्या मागून एक काळी लाकडी पेटी निघाली. सोलापुरी चादरीत गुंडाळलेली आणि वरून सुतळीनं आवळलेली. आत काय आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण मला कळतं तेव्हापासून ती कुणी खाली काढलेली नव्हती. 'पणजोबांचं फिडल' एवढंच आम्ही ऐकत आलो. लहानपणी माळ्याच्या शिडीला नुसता हात लावला तरी आजी खालून ओरडायची, "फिडलला धक्का लागंल गं!"

मी वाजवणारी नाही. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, एकवीस वर्षं झाली. कापडातलं कळतं, वाद्यातलं नाही. म्हणून डोळ्यांना जे दिसतंय ते तसंच लिहिते, जाणकारांनी अर्थ लावावा.

पुढची फळी मधाच्या रंगाची, उभ्या बारीक रेषांची. पाठ जास्त लालसर, तिच्यावर वाघाच्या अंगावर असतात तसे आडवे पट्टे. चारपैकी दोनच तारा राहिल्यात, त्याही गंजून काळ्या. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) सुटून पेटीत पडली होती, तिचा एक पाय तुटलाय. खालच्या कडेला फळी बाजूच्या पट्टीपासून सुटलीय, पोस्टकार्ड सहज आत जाईल एवढी. उजवीकडे खालच्या कडेपासून ते एफच्या आकाराच्या भोकाच्या खालच्या टोकापर्यंत एक चीर गेलीय. वाद्य हलवलं की आत काहीतरी खुळखुळतं. गजाचे केस निम्मे गेलेत, उरलेले कुरतडल्यासारखे. पेटीच्या झाकणाला आतून मुंबईच्या कुठल्याशा दुकानाचं कागदी तिकीट आहे. नावाचा भाग कसरीनं खाल्लाय, 'काळबादेवी' तेवढं वाचता येतं.

भोकातून मोबाइलचा उजेड टाकला की पाठीला आतून चिकटवलेला एक कागद दिसतो. त्यावर रोमन लिपीत छापलंय: अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस क्रेमोनेन्सिस फॅसिएबॅट ॲनो १७२१. खाली बारीक अक्षरात मेड इन जर्मनी. पुतण्यानं हे नाव मोबाइलवर शोधलं आणि घरात कोटींचे आकडे सुरू झाले. मला त्या आकड्यांत रस नाही, पण घरच्यांना खरं काय ते सांगता यायला हवं.

आता ज्यासाठी हा धागा काढला ती गोष्ट. दातांच्या दवाखान्यात असतो तसला छोटा आरसा मिळवून मी भोकातून आत बघितलं. त्या चिरेवर आतून कापडाची पट्टी चिकटवलीय, दोन बोटं रुंदीची आणि जराशी तिरकी. कापड मांजरपाट आहे, हे मी छातीठोक सांगते. कोरं, कधीच न धुतलेलं. सरकीचे बारीक काळे ठिपके सुतात अजून दिसतात. एका बाजूला किनार आहे, दुसरी बाजू कात्रीनं कापलेली. आणि कोपऱ्यात निळ्या शाईच्या शिक्क्याचा तुकडा आहे: गोलाची थोडी कड आणि ४० हा आकडा. म्हणजे कुणीतरी गिरणीतलं कापड कापून हे वाद्य सांधलंय. ते दिसल्यावर मी किती वेळ तशीच बसून होते, सांगता येणार नाही.

पणजोबा जुन्या मिलमध्ये साच्यांवर (मागांवर) होते, पुढे जॉबर (मुकादम) झाले. दिवसा गिरणी आणि रात्री मूकपटाच्या खेळाला पडद्याखाली बसून फिडल, असं सांगतात. आमच्याकडे जुन्या गोष्टींचा काळ मार्शल लॉच्या आधी आणि मार्शल लॉच्या नंतर असा मोजतात (सोलापूरबाहेरच्यांसाठी: इंग्रजांनी शहरात लावलेला लष्करी कायदा, मे १९३०). फिडल आधीचं, एवढं नक्की. ते कुठून आणलं, पणजोबा कुणाकडे शिकले, हे सांगणारं कुणी उरलं नाही. आजोबा वाजवत नव्हते, बाबाही नाही.

एका मोठ्या शहरातल्या दुकानाला फोटो पाठवले होते. त्यांचं उत्तर आलं, "कारखान्याचा माल आहे, तीन हजारांत ठेवून जा. नाहीतर सगळं घासून नवं पॉलिश मारून देतो, शोकेसमध्ये उठून दिसेल." मला ते फार लागलं.

तर विचारायचंय ते असं. हे वाजतं होईल का? ती कापडाची पट्टी न काढता होईल का? आणि या वाद्यावरूनच, ते कुणी आणि कसं वाजवलं याचा काही माग लागतो का?

---

गज_आणि_राळ (सांगली)

ताई, सगळ्यात आधी एक करा. नव्या तारा चढवून 'बघू तरी वाजतंय का' असं कुणालाही करू देऊ नका, अगदी ओळखीच्या वादकालाही नाही. आत जे खुळखुळतंय तो साउंडपोस्ट आहे. पेन्सिलीहून जरा बारीक, स्प्रूस नावाच्या लाकडाची गोल काडी. घोडीच्या उजव्या पायाच्या किंचित मागे, पुढची फळी आणि पाठ यांच्यामध्ये ती उभी असते. चिकटवलेली नसते, दाबावरच उभी राहते. फ्रेंच आणि इटालियन भाषेत तिला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'आत्मा'. चार तारांचा मिळून ताण वीस किलोच्या पुढे जातो आणि त्यातला बराच भार घोडीतून खाली फळीवर येतो. साउंडपोस्ट पडलेला असताना तारा ताणल्या तर फळी खचते. तुमच्या फळीला तर आधीच चीर आहे.

पॉलिशचं त्या दुकानदारानं सांगितलं ते कृपा करून विसरा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या जुन्या रोगणातच आहे. मी तीस वर्षं हिंदुस्थानी व्हायोलिन शिकवतोय, हातात जुनं वाद्य आलं की वाजवण्याआधी मी त्याचं रोगण कुठे गेलंय ते बघतो.

तीन जागा बघून सांगा. एक, तारा खाली जिथे अडकवतात त्या टेलपीसच्या डावीकडे फळीवर रोगण उडून फिकट डाग पडलाय का? तिथे हनुवटी टेकते. युरोपी पद्धतीनं, उभं राहून किंवा खुर्चीवर बसून वाजवणाऱ्याची ती खूण. दोन, वरच्या टोकाला शंखासारखी गुंडाळी असते, तिची एक बाजू गुळगुळीत होऊन लाकूड उघडं पडलंय का? आपल्याकडे मांडी घालून बसतात आणि ते टोक उजव्या पावलावर टेकवतात, खालचं टोक छातीशी. वर्षानुवर्षं पायावर घासून तिथलं रोगण जातं. तीन, बोटं फिरतात ती काळी पट्टी तिरप्या उजेडात धरा. सुटे सूर वाजवणाऱ्याची बोटं ठरलेल्या जागी पडतात, तिथे वेगवेगळे खळगे होतात. मींड घेणाऱ्याचं बोट तारेवरून सरकत जातं, त्याची लांब सलग घळ पडते. बोट सरकावं म्हणून काहीजण खोबरेल लावतात, त्याचा तेलकट काळपटपणाही राहतो.

हे आधी बघा, मग पुढचं.

---

तंबोरा_प्रेमी (कोल्हापूर)

सोलापूरहून मिरज काही फार लांब नाही. तिथल्या कारागिरांसारखा हात दुसरीकडे मिळणार नाही. तिकडे न्या.

---

सरस (पुणे)

मी व्हायोलिन दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मिरजेबद्दल आदर आहेच. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि त्यांना लागणारे भोपळे तुमच्याच जिल्ह्यातून, पंढरपूरकडून येतात. पण ते काम भोपळ्याचं आणि तुणीच्या लाकडाचं. व्हायोलिनची फळी मधे तीनेक मिलिमीटर जाडीची, कोरून घुमटाकार केलेली असते. ती उघडायची रीत वेगळी. व्हायोलिनवरच काम करणाऱ्याकडे द्या, पुण्यात, मुंबईत किंवा गोव्यात.

कागदाबद्दल. अंतोनिओ स्ट्रादिवारी इटलीतल्या क्रेमोना गावचा, १७३७ मध्ये वारला. त्याची सुमारे साडेसहाशे वाद्यं आज शिल्लक धरली जातात. तुमच्या कागदाचा अर्थ 'स्ट्रादिवारीच्या घाटावर केलेलं', एवढाच घ्यायचा. असे कागद लाखो व्हायोलिनांत आहेत. बहुतेक माल जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या मार्कनॉयकिर्शेन गावचा आणि सरहद्दीपलीकडच्या शोएनबाखचा (आताचं चेक प्रजासत्ताकातलं लुबी). तुम्ही सोलापूरच्या, तुम्हाला हे लगेच कळेल: एका घरात कांड्या भरतात, दुसऱ्या घरात माग, शिलाई तिसरीकडे, आणि माल गोळा करून विकणारा व्यापारी चौथाच. तिथेही तसंच होतं. एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या गुंडाळ्याच कोरायचं, दुसरं फळ्या, तिसरं गज. 'कारखान्याचा माल' म्हणून कुणी नाक मुरडलं तरी तो हातानंच केलेला आहे.

काळ: 'मेड इन जर्मनी' हे शब्द महत्त्वाचे. परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावणारा कायदा ब्रिटनमध्ये १८८७ मध्ये झाला. पहिल्या महायुद्धात, १९१४ पासून, जर्मन माल इकडे यायचा बंद झाला. म्हणजे तुमचं वाद्य १८८७ ते १९१४ मधलं, किंवा मग युद्ध संपल्यावर पुन्हा माल सुरू झाला तेव्हाचं. घरच्यांना सांगा, कोटी नाहीत. बाजारात किंमत बेताचीच येईल.

आता दुरुस्ती. खालची कड सुटलीय ती वाईट खूण मानू नका. व्हायोलिन सरसानं जोडतात, जनावराच्या कातड्याचा, गरम पाण्यात विरघळणारा. कडेला तो मुद्दाम पातळ लावतात. तुमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, हवा कोरडी ठक्क. लाकूड आक्रसतं, तेव्हा सांधा सुटावा पण फळी फाटू नये, यासाठी ती सोय असते. हे सांधणं तासाभराचं काम. म्हणूनच सुताराचा पांढरा डिंक कधीही लावू देऊ नका. तो पुन्हा सुटत नाही आणि पुढच्या ताणाला लाकूडच फाटतं.

चीर एफच्या खालच्या टोकाला मिळत असेल तर साउंडपोस्टच्या जागेवरून जात नाही. त्यामानानं सोपी आहे. रीत अशी: फळी उघडायची, जुनं काढून चीर स्वच्छ करायची, सरसानं मिटवायची आणि आतून स्प्रूसचे चिमुकले ठोकळे लावायचे.

कापडाच्या पट्ट्या जुने कारागीरही लावत, पण ते चीर नीट मिटवून, पट्टी चिरेच्या रेषेत लावत. तुमची तिरकी आहे. मला वाटतं फळी न उघडता कुणीतरी ती भोकातून आत ढकललीय. कशानं चिकटवलीय ते कळलं तर बरंच कळेल. औषधाच्या दुकानात टिंक्चर आयोडीन मिळतं. पिठाच्या खळीला ते लागलं की निळं-काळं होतं, सरसाला लागलं तर तपकिरीच राहतं. पट्टीचा एखादा धागा काढून बशीत बघा. वाद्यावर थेंब टाकू नका.

---

साखर_पेठ (सोलापूर)

तुम्हा दोघांचे किती आभार मानू? दोन दिवस कामावरून आल्यावर हेच करतेय.

सरस, आयोडीनबद्दल एक सांगते. धाग्यावर बघून उपयोग नाही, कारण कोऱ्या मांजरपाटाच्या ताण्याला खळ असतेच. तो निळा होणारच. म्हणून मी पट्टीच्या कडेबाहेर ओघळून वाळलेला एक कण चिमट्यानं सोडवला. तांदळाच्या कणीएवढा, पिवळट. बशीत ठेवून थेंब टाकला आणि बघता बघता तो गडद निळा झाला, जवळजवळ काळा. खळच आहे. वाद्याच्या कारागिरानं खळ लावली नसती, हो ना?

गज_आणि_राळ, तुमच्या तीन जागा. टेलपीसच्या डावीकडे फिकट डाग आहे, रुपयाच्या नाण्याहून मोठा. मला वाटलं झालं, पणजोबांची हनुवटी. मग गुंडाळी बघितली. तिची एक बाजू रोगण जाऊन उघडी पडलीय, जिन्याच्या कठड्यासारखी गुळगुळीत. दुसरी बाजू जवळजवळ नवी. आणि काळी पट्टी खिडकीत तिरपी धरली तर वरच्या भागात चार-पाच सुटे खळगे दिसतात, आणि त्यांच्यावरून, खळग्यांच्या कडा बोथट करत, एक लांब घळ खाली उतरत गेलीय. तिथला काळा रंग जाऊन आतलं फिकट लाकूड दिसतं, आणि घळीच्या दोन्ही बाजूंना तेलकट काळं. पाठीच्या खालच्या भागावरही एक मंद, घासल्यासारखा पट्टा आहे.

म्हणजे दोन्ही पद्धती? एकच माणूस दोन्ही पद्धतींनी वाजवतो का?

---

गज_आणि_राळ (सांगली)

वाजवू शकतो, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तसं वाटत नाही. घळ खळग्यांच्या वरून गेलीय, म्हणजे खळगे आधीचे. आधी सुटे सूर वाजवणारा हात, मागाहून मींडेचा हात. आणि मागचा हात पुष्कळ वर्षांचा आहे. काळा रंग जाऊन लाकूड दिसायला एकदोन वर्षं पुरत नाहीत.

ताई, तुमच्या घरात दोघांनी हे वाजवलंय. पाठीवरचा पट्टा छातीशी धरून कापड घासल्याचा आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा विचारा, आणि 'पणजोबांचं फिडल' असं म्हणू नका. 'मांडी घालून कोण वाजवायचं' असं विचारा.

---

भोंगा_१२ (सोलापूर)

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. लक्ष्मी-विष्णूमध्ये फोल्डिंगला होतो, मिल बंद होईपर्यंत. शिक्क्याचं सांगतो. कोऱ्या ताग्याच्या तोंडाला शिक्का मारायचे. गिरणीचं नाव, मालाचा नंबर आणि लांबी. तुमचा ४० बहुतेक वारांचा आकडा, चाळीस वारी तागा. तोंडाच्या तुकड्याला डाग वा फट असली की तो कापून चिंधीत जायचा आणि चिंधी कामगारांना स्वस्तात मिळायची. आमच्या आईच्या गोधड्यांच्या आतून असले शिक्के निघायचे. तेव्हा ते कापड पणजोबांच्या पगाराबरोबर घरात आलेलं, यात मला शंका नाही.

मूकपटाचं तुमच्या घरचे सांगतात ते पटण्यासारखं आहे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून जवळजवळ अठरा वर्षं पडदा मुका होता, आणि थिएटरात पेटी, तबला, फिडल घेऊन माणसं पडद्यापुढे बसायची. मारामारी आली की जोरात, रडणं आलं की संथ. १४ मार्च १९३१ ला मुंबईत 'आलम आरा' लागला. गावोगावी बोलपट पोचले तसं त्या माणसांचं काम गेलं. माझे वडील सांगायचे, बोलपट आल्यावर लोक नाचले आणि वाजवणारे घरी बसले. तुमच्या पणजोबांचं फिडल तेव्हाच पेटीत गेलं असणार. मग बाहेर कुणी काढलं, तेच शोधायला हवं.

पुरुषमंडळींची नावं गिरणीच्या कागदात, मतदारयादीत, वतनात कुठेतरी सापडतात. बायकांचं तसं नसतं. घरातली कुणी मुलगी शिकली असेल तर शाळेच्या जुन्या दाखल्यांत बघा. पुण्याच्या सेवासदनचं बायका-मुलींच्या शिक्षणाचं काम १९०९ पासूनचं, आणि सोलापुरातही सेवासदनची शाळा आहे. भजनी मंडळाच्या वह्याही बघा.

---

साखर_पेठ (सोलापूर)

काल जुळे सोलापुरात आत्याकडे गेले होते. आत्या चौऱ्याऐंशीची. गुडघे गेलेत, पण डोळे आणि डोकं लख्ख आहे. तिला पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा "दादांचं फिडल, दुसरं काय" म्हणाली होती. आम्ही प्रश्नच तसा विचारला होता. या वेळी रिक्षात पेटी मांडीवर घेऊन गेले, चादरीसकट.

तिनं चादर ओळखली. नंतर झाकण उघडलं आणि मी काही विचारायच्या आत व्हायोलिन उचलून हातात घेतलं. खाली बसता येत नाही म्हणून पलंगावरच एक पाय पुढे घेतला, गुंडाळीचं टोक उजव्या पावलावर टेकवलं आणि खालचं टोक छातीशी लावलं. गुंडाळीची झिजलेली बाजू नेमकी पावलावर आली.

"अशी बसायची अक्का."

मी अक्का हे नाव घरात दोनदा किंवा तीनदा ऐकलं असेल. पणजोबांची थोरली मुलगी, म्हणजे आजोबांची बहीण, आत्याची आत्या. पंधराव्या वर्षी नवरा गेला आणि ती परत माहेरी आली. आमच्या चुलतभावानं मोठ्या कष्टानं वंशावळ केलीय, सहा पिढ्यांची, फ्रेम करून लावलीय. त्यात अक्का नाही.

आत्यानं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. रेकॉर्ड करून घेतलंय.

"दादांचं रातचं काम गेलं तवा फिडल पेटीत पडलं. अक्कानं काढलं ते. दादांनीच शिकवलं तिला, बोटं कुठं ठेवायची ते. पण हनुवटीखाली धरून उभं ऱ्हायलं की म्हातारी चिडायची, बाईमाणसाला शोभत न्हाई म्हणायची. मग अक्का मांडी घालून बसाया लागली, देवापुढं बसल्यागत. रातपाळीचा भोंगा झाला, गडीमाणसं गिरणीत गेली, की दार लावायची. अभंग वाजवायची. आम्ही पोरं अंथरुणात. मला झोप यायची ती त्या आवाजावर."

मी विचारलं, आजोबांना हे माहीत नव्हतं? आत्या म्हणाली, "त्याला रातपाळी होती." आजोबा बारा वर्षं रात्रपाळीला होते. घरात रोज रात्री व्हायोलिन वाजत होतं आणि ज्यांनी आम्हाला घरच्या गोष्टी सांगितल्या ते सगळे त्या वेळी गिरणीत होते.

मग मी कापडाच्या पट्टीचं विचारलं. मोबाइलवर फोटो दाखवला. आत्या बराच वेळ बोलली नाही.

"माझ्या हातनं पडलं ते. सहा-सात वर्साची आसंन. अक्का न्हाणीत होती, मी पेटी उघडली. पडलं ते थेट जात्यावर. अक्कानं मारलं न्हाई. मैद्याची खळ शिजवली, दादांच्या चिंधीतनं कापड कापलं आन छत्रीच्या तारंनं भोकातनं आत सारलं. रातभर बसली हुती. माझं नाव कुणाला सांगितलं न्हाई. इचारलं तर म्हणाली, उन्हानं तडकलं." त्यानंतर आवाज फुटका यायचा, तरी अक्का वाजवत राहिली. आत्या मॅट्रिकला असताना अक्का गेली. पेटीला चादर आत्यानंच गुंडाळली होती.

अक्काचं खरं नाव आठवायला आत्याला थोडा वेळ लागला. इथे लिहीत नाही, पण चुलतभावाला कळवलंय आणि वंशावळीची फ्रेम उतरवलीय. काका, सेवासदनमध्ये पुढच्या आठवड्यात चौकशीला जाते. अक्काला लिहिता-वाचता येत होतं हे आत्या ठामपणे सांगते, मग ती कुठेतरी शिकली असणार. काळबादेवीच्या दुकानाचा आणि पणजोबांच्या गुरूचा माग अजून लागलेला नाही.

सरस, आता तुम्हाला विचारते. पट्टी ठेवावी की काढावी? माझं मन ठेवावी असं सांगतं.

---

सरस (पुणे)

तुमचं लिहिणं दुकानात दोनदा वाचलं.

प्रामाणिकपणे सांगतो. खळ झुरळांना आणि कसरीला आवडते. पट्टी राहिली तर एक ना एक दिवस ती खाल्ली जाईल आणि तिच्याबरोबर लाकडाचाही पृष्ठभाग जाईल. शिवाय तिच्याखाली चीर मिटलेली नाही, नुसती धरून ठेवलीय. वाद्य पुन्हा वाजायचं तर ती काढावी लागेल. खळ कोमट पाण्याच्या ओलाव्यानं सुटते, मी ती न फाडता एका तुकड्यात काढू शकेन. शिक्क्याची शाई पाण्याला टिकते का ते आधी एका धाग्यावर बघेन. पट्टी कुठे आणि कशी होती याचे फोटो काढून देईन. रोगणाला, गुंडाळीला, हनुवटीच्या डागाला मी हात लावणार नाही. काळ्या पट्टीवरची घळ मात्र थोडी सपाट करावी लागेल, नाहीतर तारा खरखरतील. तीही नको असेल तर तसं सांगा, खरखर चालवून घ्यावी लागेल. गजाला नवे केस घालतो, लाकूड चांगलं सरळ आहे. जुने केस किड्यांनी खाल्लेत, बंद पेटीत हे हमखास होतं, तेव्हा पेटी दोन दिवस उन्हात उघडी ठेवून झाडून घ्या. व्हायोलिन उन्हात ठेवू नका.

पण निर्णय तुमचा. आत्यांना विचारा.

---

गज_आणि_राळ (सांगली)

एकच विचारतो. अक्का तारा कोणत्या सुरांत लावायच्या, आत्यांना काही आठवतं का? आपल्याकडे कुणी सा-प-सा-प लावतं, कुणी प-सा-प-सा. वाजतं झाल्यावर पहिल्यांदा तसंच लावूया. सोलापूरला यायला मी तयार आहे.

---

साखर_पेठ (सोलापूर)

आत्याला फोन केला. पट्टीबद्दल विचारल्यावर क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, "काढ म्हणावं त्यांना. नीट सांधून दे. माझ्या हातनं तुटलं हुतं, माझ्या देखत जुळू दे." पट्टी एका तुकड्यात निघाली तर तिच्याकडे द्यायचीय, ती देवघरात ठेवणार आहे.

घळ सपाट करू नका. खरखर चालेल.

तारांचं: आत्याला सरगम येत नाही. पण तिनं फोनवर चारी तारा गाऊन दाखवल्या, खालून वर, जशा अक्का रोज दार लावल्यावर छेडायची तशा. पहिली आणि तिसरी एकसारखी येते, तिसरी वरची. दुसरी आणि चौथीही तशीच. रेकॉर्डिंग तुम्हाला पाठवलंय, त्यावरून ठरवा.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं पुण्याला निघते. पेटी मांडीवरच घेईन.